अडखळलेली जीभ आणि न अडखळणारी थाप

मारुंजीत सभा लावून एखाद्या उमेदवाराने सुरुवातच ‘पिंपरी-चिंचवडच्या माझ्या सुज्ञ मतदारांनो’ अशी केली, तर समोरचे किती जण हसतील? गावातली जुनी मंडळी हसतील. टॉवरमध्ये राहणारे बहुतेक जण मात्र टाळ्या देतील, कारण आपण पिंपरी-चिंचवडमध्येच राहतो अशी त्यांचीही समजूत आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. हे लिहीपर्यंत तरी मारुंजी ही मुळशी तालुक्यातली ग्रामपंचायत आहे. विधानसभेला भोर, लोकसभेला बारामती. काही किलोमीटरवरचं वाकड महापालिकेत, विधानसभेला चिंचवड, लोकसभेला मावळ. 2024 च्या लोकसभेला मारुंजीने 7 मे रोजी मत दिलं, वाकडने 13 मे रोजी. त्याच औद्योगिक पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला भोसरी आणि चाकण, तेही 13 मे रोजी, पण शिरूरसाठी. सकाळी हिंजवडीच्या चौकात एकमेकांना हॉर्न देणारे हे लोक तीन वेगवेगळे खासदार निवडतात, आणि कोंडीबद्दल शिव्या मात्र एकालाच घालतात. ज्याचा चेहरा आठवेल त्याला.

अशी चूक कधी व्हायरल होत नाही. ऐकणाऱ्यालाच ती चूक वाटत नसेल तर तिचं रील कोण काढणार? निवडणुकीतल्या चुकांबद्दल आपण जे बोलतो, हसतो, भांडतो, त्यातलं बरंचसं मला म्हणूनच भलत्या जागी केलेलं वाटतं.

प्रचारात उमेदवार चुकला की दोन पक्ष उभे राहतात. ‘ज्याला एवढंही माहीत नाही तो काय कारभार करणार’ हा पहिला. ‘बोलताना माणूस चुकतोच, तुम्ही काम बघा’ हा दुसरा. मला दोन्ही अमान्य आहेत, आणि राग दुसऱ्यावर जास्त आहे. पण आधी पहिला निकालात काढू.

त्याचं सगळ्यांत जवळचं उदाहरण याच पट्ट्यातलं आहे. मार्च 2019 मध्ये चिंचवडला पार्थ पवार यांचं मावळचे उमेदवार म्हणून पहिलं जाहीर भाषण झालं आणि ते अडखळले. त्या छोट्याशा भाषणाचे तुकडे राज्यभर फिरले. मे महिन्यात मावळचा निकाल लागला, श्रीरंग बारणे 2 लाख 15 हजारांहून जास्त मतांनी जिंकले, आणि चहाच्या टपरीपासून चॅनेलच्या स्टुडिओपर्यंत एकच निदान झालं : भाषण जमलं नाही म्हणून पडले. हे निदान तपासायची कोणाला गरज वाटली नाही. मावळ मतदारसंघ 2008 च्या फेररचनेत तयार झाला, 2009 ला तिथून शिवसेनेचे गजानन बाबर निवडून आले, 2014 ला शिवसेनेचेच बारणे. 2019 ला शिवसेना-भाजप युतीने राज्यातल्या 48 पैकी 41 जागा घेतल्या. त्याच लाटेत सोलापुरात सुशीलकुमार शिंदे पडले, नांदेडमध्ये अशोक चव्हाण पडले. मुख्यमंत्रिपद भूषवलेल्या या दोघांना काय माइकसमोर बोलता येत नव्हतं? आणि चिंचवडच्या त्या भाषणात नेमकं काय सांगितलं होतं, ते खरं होतं की खोटं, हे हसणाऱ्यांपैकी आज कोणाला आठवतं? माणूस कसा बोलला याचीच परीक्षा झाली. काय बोलला ते कोणी पाहिलं नाही.

कर्नाटकातल्या 2018 च्या विधानसभा प्रचारात ही परीक्षा सगळ्यांचीच झाली. दावणगेरेत आपल्याच पक्षाचे येडियुरप्पा शेजारी बसलेले असताना अमित शहा यांच्या तोंडून येडियुरप्पांचंच सरकार भ्रष्टाचारात पहिलं असं निघून गेलं. म्हणायचं होतं सिद्धरामय्यांचं. विरोधकांनी ती चित्रफीत मनसोक्त फिरवली. राहुल गांधींना विश्वेश्वरय्या हे नाव नीट उच्चारता आलं नाही, तेव्हा खुद्द पंतप्रधानांनी चामराजनगरच्या सभेत त्यांना ते पाच वेळा घेऊन दाखवण्याचं आव्हान दिलं. या दोन्ही घसरणींतून कर्नाटकातल्या एकाही शेतकऱ्याला, एकाही कामगाराला काही चुकीचं कळलं नाही. येडियुरप्पांवर शहा खरोखर आरोप करताहेत असं कोणालाही वाटलं नसेल. हसायला हरकत नाही, निवडणूक रुक्ष असते. हसून झाल्यावर तो मुद्दा संपायला हवा, एवढंच.

भाषेवरून माणूस मापण्याची खोड तर आपल्याकडे याहून जुनी. 2024 ला अहमदनगरमध्ये सुजय विखे यांनी निलेश लंके यांच्या इंग्रजीला आव्हान दिलं. लंके 28 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले आणि जूनमध्ये लोकसभेत त्यांनी शपथ इंग्रजीतून घेऊन शेवटी ‘रामकृष्ण हरी’ म्हटलं. टाळ्या पडल्या, त्याही योग्यच होत्या. पण नगरच्या कांद्याबद्दल किंवा पाण्याबद्दल दोघांपैकी कोणाची माहिती पक्की होती, या प्रश्नावर एवढी चर्चा झाल्याचं मला तरी दिसलं नाही.

आता दुसरा पक्ष. ‘बोलताना चूक होते’ ही ढाल वरच्या सगळ्या उदाहरणांना शोभते. पण तीच ढाल भलत्याच गोष्टीपुढेही धरली जाते, आणि तिथे मी थांबतो.

त्याच कर्नाटकात, 2018 च्याच मे महिन्यात, पंतप्रधानांनी कलबुर्गीत सांगितलं की 1948 चं युद्ध जिंकून देणाऱ्या जनरल थिमय्यांचा नेहरू आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी अपमान केला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. 1948 ला संरक्षणमंत्री बलदेवसिंग होते. मेनन त्या पदावर आले 1957 मध्ये. थिमय्या लष्करप्रमुख झाले तेही 1957 मध्ये, आणि त्यांनी राजीनामा दिला, मग परत घेतला, तो 1959 मध्ये. थिमय्या आणि मेनन यांच्यात वितुष्ट होतं हे खरं. पण 1959 ची गोष्ट उचलून 1948 वर ठेवली की ‘युद्ध जिंकलेल्या सेनापतीला जिंकल्याबद्दल शिक्षा’ अशी कथा तयार होते, जी घडलीच नाही. काही दिवसांनी बीदरला, जिथे सभेत मराठी कळणारेही भरपूर असतात, त्यांनी विचारलं की भगतसिंग तुरुंगात असताना काँग्रेसचा कोणी नेता त्यांना भेटायला गेला होता का. नेहरू ऑगस्ट 1929 मध्ये लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि उपोषणाला बसलेले त्यांचे सहकारी यांना भेटले होते. त्या वेळच्या वर्तमानपत्रात ते आलं आणि स्वतः नेहरूंनी आत्मचरित्रात लिहिलं. इथे जीभ घसरलेली नाही. वाक्य सरळ, खणखणीत, एकही शब्द न अडखळता आलेलं आहे. भाषणाचा सगळा जोर त्या चुकीच्या माहितीवरच उभा आहे. ती काढली तर भाषणात काही उरत नाही.

काँग्रेसवाल्यांनी इथे खूश होऊ नये. ऑक्टोबर 2018 मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआत राहुल गांधींनी मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांच्या मुलाचं नाव पनामा कागदपत्रांत असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी खुलासा केला की गोंधळ झाला. प्रकरण छत्तीसगडच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलाबाबत होतं. एका माणसाच्या अब्रूची गोष्ट ‘गोंधळ’ या एका शब्दात मिटवायची? पुढे एप्रिल 2019 मध्ये त्यांनी आपली ‘चौकीदार चोर है’ ही घोषणा सर्वोच्च न्यायालयाच्याच तोंडी घातली. आधी खेद, मग मे महिन्यात बिनशर्त माफी, आणि नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने यापुढे जपून बोला अशी समज देऊन प्रकरण बंद केलं. तोवर निवडणूक होऊन सहा महिने झाले होते.

तेव्हा चुकांची वर्गवारी कोण बोललं यावरून करू नये, त्या चुकीवर काय उभं आहे यावरून करावी. डिसेंबर 2022 मध्ये आमदार प्रसाद लाड यांच्या तोंडून शिवाजी महाराजांचा जन्म कोकणात झाला असं निघालं. शिवनेरी जुन्नर तालुक्यात आहे, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक. लोक संतापले, लाडांनी दिलगिरी व्यक्त केली. हा काही निवडणुकीचा प्रचार नव्हता, आणि त्या चुकीवर लाडांचा कुठलाही युक्तिवाद उभा नव्हता. महाराजांबद्दल चूक झाली की मराठी माणसाला लागतं, ते मी समजू शकतो. मला त्रास होतो तो या संतापाच्या वाटपाचा. शिवनेरीवरून जिल्हाभर आंदोलन होईल. ‘तुमच्या रस्त्याचं काम मी सहा महिन्यांत करून देतो’ असं ज्याच्या हातात तो रस्ताच नाही तो सांगून गेला, तर साधी शिट्टीही वाजत नाही.

मध्ये एक उलटं उदाहरण सांगायला हवं, नाहीतर माझी वर्गवारी फारच सोपी वाटेल. जून 2013 मध्ये मुंबईत एका पुस्तक प्रकाशनात गोपीनाथ मुंडे बोलून गेले की 2009 च्या निवडणुकीत आपले 8 कोटी खर्च झाले. तेव्हा लोकसभेची खर्चमर्यादा होती 25 लाख. निवडणूक आयोगाची नोटीस आली, खुलासे झाले. आता ही ‘चूक’ कोणत्या खणात टाकायची? जीभ घसरली म्हणून सगळे हळहळले. मला तर वाटतं, महाराष्ट्राच्या प्रचारखर्चाबद्दल एखाद्या मोठ्या नेत्याने जाहीरपणे काढलेलं इतकं उपयोगी वाक्य दुसरं नसेल. आपण मात्र ते त्यांची फजिती म्हणून नोंदवलं. फजितीच्या हिशेबात खरं-खोटं कधी धरलेलं नसतं.

तिसरा एक आक्षेप राहतो आणि तो सगळ्यांत निराश करणारा आहे. म्हणतात, चुका दाखवून उपयोग काय? लोक मत द्यायचं त्यालाच देतात. दाखला दिला जातो राज ठाकरे यांचा. 2019 च्या लोकसभेला मनसेचा एकही उमेदवार नव्हता, तरी त्यांनी राज्यभर सभा घेतल्या आणि ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत सरकारचे दावे पडद्यावर दाखवले. मेळघाटातलं हरिसाल हे डिजिटल गाव म्हणून जाहिरातीत मिरवत होतं. त्यांनी तिथली परिस्थिती चित्रित करून आणली आणि जाहिरातीतला माणूसच सोलापूरच्या मंचावर उभा केला. भाजपने मुंबईत स्वतःचे व्हिडिओ लावून उत्तर दिलं. निकाल आला तो 48 पैकी 41 चा. बघा, म्हणतात, फरक पडला का?

मतांत पडला नसेल. पण महाराष्ट्राच्या प्रचारात निदान त्या महिन्यापुरती वादाची जागा बदलली. कोण कसा बोलतो हे सोडून हरिसालमध्ये काय चालतं आणि काय चालत नाही यावर दोन पक्ष भांडले, आणि दोघांनाही पुरावे आणावे लागले. उच्चाराची टिंगल झाली असती तर यातलं काय झालं असतं? राज ठाकरेंच्या बाकी राजकारणाशी माझा संबंध नाही. पण प्रतिपक्षाचं म्हणणं आधी जसंच्या तसं मांडायचं आणि मग खोडायचं, ही आपल्याकडच्या वादाची जुनी रीत त्यांनी पडद्यावर आणली, एवढं श्रेय मी देतो. त्याच सभा आठवून आज मीम काढणाऱ्यांनी त्यातली टर तेवढी उचलली आणि पुरावा मंचावरच सोडला.

आता माझं म्हणणं. उमेदवाराच्या माहितीची परीक्षा घ्यायची तर एकच प्रश्न पुरे : हे काम कोणाच्या अखत्यारीत येतं? मारुंजीपुरतं बोलू. इथल्या आणि हिंजवडीच्या रस्त्यांवर आयटी पार्कातला भाग एमआयडीसीचा, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, काही पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे म्हणजे पीएमआरडीएचे, काही जिल्हा परिषदेचे, गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. जून 2025 च्या पावसात आयटी पार्कातून वाहणाऱ्या पाण्याचे व्हिडिओ देशभर फिरले, तेव्हा प्रश्न ‘पाणी का तुंबलं’ एवढाच राहिला नाही. नाला कोणाचा आणि रस्ता कोणाचा, इथपर्यंत तो गेला. पीएमआरडीए 2015 मध्ये स्थापन झाली आणि तिचे अध्यक्ष असतात मुख्यमंत्री. तेव्हा लोकसभेचा उमेदवार मारुंजीत येऊन रस्ता रुंद करून देतो म्हणाला, तर त्याच्या हातात नेमकं काय आहे? वर्षाला 5 कोटींचा खासदार निधी, तोही दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर आणि खडकवासला अशा सहा विधानसभा मतदारसंघांत वाटायचा. एखादा धड उड्डाणपूलही त्यात होत नाही. खासदार पाठपुरावा करू शकतो, दिल्लीत प्रश्न विचारू शकतो, बैठक लावू शकतो. तसं स्पष्ट सांगणारा उमेदवार खरं बोलतो. ‘करून देतो’ म्हणणारा खोटं बोलतो, किंवा त्याला माहीत नाही. दोन्हींतलं कोणतं बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मेट्रोचंही तेच. पिंपरीहून स्वारगेटला जाणारी मार्गिका महामेट्रोची. हिंजवडी ते शिवाजीनगर ही सुमारे 23 किलोमीटरची, 23 स्थानकांची मार्गिका पीएमआरडीएची, खासगी भागीदारीतली. तिचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये पंतप्रधानांनी केलं आणि मार्च 2025 ची मुदत हुकली. प्रचारात मात्र ‘मेट्रो आम्ही आणली’ एवढं एकच वाक्य असतं. कोणती, कोणी, कोणाच्या पैशाने, उशीर झाला तर जाब कोणाला, हे सगळं त्या ‘आम्ही’मध्ये विरघळून जातं. सभेत कोणी हात वर करून ‘दादा, कोणती मेट्रो?’ असं विचारलंच, तर बहुधा त्यालाच विरोधकांचा माणूस म्हणून खाली बसवतील.

महापालिकेत जाण्याचा प्रश्न तर याहून मजेशीर. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, गहुंजे आणि सांगवडे ही सात गावं पिंपरी-चिंचवडमध्ये घ्यावीत हा विषय दहा वर्षं तरी निवडणुकीत वर येतो. मारुंजीला महापालिकेत मत नाही, पण महापालिकेतले इच्छुक बिनधास्त मत देतात की गावं घेऊच. गावातले इच्छुक म्हणतात, येऊ देणार नाही. हद्द वाढवणं राज्य सरकारच्या अधिसूचनेने होतं. नगरसेवक ठराव करू शकतो, सरपंच विरोधाचा ठराव करू शकतो, सही मंत्रालयात होते. या दोघांपैकी कोणीही ‘माझ्या हातात फक्त ठराव आहे’ असं म्हटलेलं ऐकू येत नाही.

कायद्याकडून यात फार आशा धरू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123(4) खोट्या विधानाला भ्रष्ट आचरण ठरवतं, पण ते विधान प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल, किंवा त्याच्या उमेदवारीबद्दल असलं तरच, आणि बोलणाऱ्याला ते खरं वाटत नसताना केलेलं असलं तरच. रस्त्याबद्दल, मेट्रोबद्दल, 1948 च्या सेनापतीबद्दल कितीही खोटं बोला, तिथे हे कलम येत नाही. यावर एखादं नवं कलम आणावं असंही मी म्हणणार नाही. कोणतं विधान खोटं हे ठरवण्याचा अधिकार सरकारी खात्याकडे गेला की पहिली नोटीस विरोधकाला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. हे काम सभेला बसलेल्यांनीच करायचं.

उमेदवारानेही चूक दुरुस्त करायची रीत शिकली तर बरं. 1976 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड कार्टर यांच्याबरोबरच्या वादसभेत म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. त्या रात्री पाहणाऱ्यांना ते फारसं खटकलंही नव्हतं. वर्तमानपत्रांनी उचललं आणि फोर्ड जवळजवळ आठवडाभर मागे हटेनात. ती निवडणूक ते हरले. चूक काही सेकंदांची होती, हट्ट आठवड्याचा झाला. आपल्याकडे याच्या उलट ऑक्टोबर 2019 मध्ये साताऱ्यात भर पावसात शरद पवार म्हणाले की लोकसभेला उमेदवार निवडण्यात माझी चूक झाली. पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील 87 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. ती चूक माहितीची नव्हती, निवडीची होती, आणि पावसाने काम केलं की कबुलीने हे कोणी सांगू शकणार नाही. पण जाहीर कबुलीने नेता लहान होतो, ही प्रचारप्रमुखांची आवडती भीती तिथे तरी खरी ठरली नाही. सभेत सांगितलेलं सभेतच मागे घ्यावं, तेवढ्याच आवाजात. मध्यरात्री सोशल मीडियावर टाकलेला दोन ओळींचा खुलासा मी दुरुस्तीत धरत नाही.

एक शेवटचा आक्षेप मारुंजीतल्याच सोसायटीतला. ‘आम्ही शिकलेले आहोत, आम्हाला हे फसवू शकत नाहीत.’ उमेदवाराच्या चुकीचा व्हिडिओ आधी याच ग्रुपवर येतो, हसणारे चेहरेही इथेच पडतात. त्यातल्या अनेकांचं नाव अजून लातूरच्या, नागपूरच्या, जळगावच्या यादीत असतं. पत्ता बदलायला नमुना 8 भरावा लागतो, ऑनलाइन होतं, घरबसल्या. तो न भरता इथल्या उमेदवाराला भूगोल शिकवणाऱ्या माणसाला मी एवढंच विचारतो की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तुमचा प्रभाग कोणता. बहुतेक वेळा उत्तर येतं : ‘आपल्याकडे ग्रामपंचायत आहे?’